सतराव्या पट्टीवरची पुळी

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "काका, फॅक्टरीतल्या नोकरीवर लिहा ना काहीतरी." मी म्हटलं, फॅक्टरीत काय बनत होतं ते सांगायची परवानगी नाही, आणि मी स्वतः काय बनवत होतो ते सांगण्यात काही मजा नाही. सकाळी भोंगा वाजला की आत, संध्याकाळी भोंगा वाजला की बाहेर, मधल्या वेळात लोखंडाला भोकं. संपादकांचा चेहरा पडला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली माझी बायको मंदा म्हणाली, "अजी, मग भोकांवरच लिहा ना! जन्मभर तिकडं भोकं पाडली, आन् आता घरी बसून लोकांची भोकं भरून राहिले." संपादक इतके हसले की चहा त्यांच्या पॅन्टवर सांडला. लेख तिथंच पक्का झाला.

तर मी जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यातला निवृत्त फिटर, वानखेडे. घर तिथल्याच गोरखपूर वस्तीत. मागच्या व्हरांड्यात एक बाक आहे, त्यावर बसून मी वाद्यं दुरुस्त करतो. वाद्यं म्हटलं की लोकांना वाटतं ह्याला सूर कळत असेल. मला सूर कळत नाही. मंदा म्हणते, मी आरतीच्या टाळ्यासुद्धा चुकवतो. मी फक्त वाद्यांच्या स्क्रूंचं बघतो, आणि अगदी खरं सांगायचं तर स्क्रूचंही नाही. स्क्रू ज्यात बसतो त्या भोकाचं.

हे बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगायला पाहिजे. लाकडात स्क्रू बसतो तेव्हा तो स्वतःच आपली वाट कोरतो. त्या वाटेला तुम्ही शुद्ध मराठीत आटे म्हणा, जबलपुरात चूडी म्हणतात. स्क्रू पुन्हा पुन्हा काढला, घातला, की वाट झिजते आणि तो नुसताच गरगर फिरायला लागतो. मग आम्ही म्हणतो, चूडी मेली. हा शब्द मी इतकी वर्षं तोंडात घोळवला की त्याला बांगडी हा दुसराही अर्थ आहे हेच विसरलो. एकदा विजय नगरच्या एका साहेबांकडे निरोप द्यायला गेलो. त्यांची गिटार माझ्याकडे होती. दार उघडलं ते नागपूरहून नुकत्याच आलेल्या त्यांच्या आईंनी. मी आपला दारातूनच म्हणालो, "साहेबांची वस्तू पाहिली जी. चूड्या मेल्या साऱ्या. आता काही आशा नाही." बाई मटकन खाली बसल्या. साहेब दौऱ्यावर होते. आत जाऊन सुनेच्या हातातल्या बांगड्या डोळ्यांनी पाहिल्या तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला, आणि मग त्या माझा समाचार घ्यायला बाहेर आल्या.

गिऱ्हाइकंही आपापले उपाय करून मगच येतात. पनागरच्या एका भजन मंडळीनं गिटारीचा पट्टा अडकवायची गुंडी निघून यायला लागली म्हणून भोकात कणीक भरली होती. चांगली तेल लावून मळलेली. गिटार माझ्या बाकावर ठेवली तर त्यातून मुंग्यांची रांग निघाली आणि मंदाच्या डब्यांपर्यंत गेली. मंदानं त्या दिवशी मला आणि गिटारीला एकदमच अंगणात काढलं.

पण दुसऱ्यांना हसण्याचा हक्क मला नाही. माझ्या हातून झालं ते कणकेच्या वरचं आहे. तेच सांगायला बसलो आहे, नाहीतर संपादकांना चहावरच वाटेला लावलं असतं.

शरद देऊळकर म्हणजे आमचे शरदभाऊ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून आणि सुट्टीच्या दिवशी गुड्डू भैयाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारे. बेस गिटार म्हणजे साध्या गिटारीचा थोरला भाऊ. तारा चारच, पण सुतळीएवढ्या जाड, आवाज खर्जातला. तिची लांब दांडी खोक्याला मागून चार मोठ्या स्क्रूंनी जोडलेली असते, आणि दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. कुठल्या पट्टीच्या घरात बोट दाबलं त्यावर सूर ठरतो. शरदभाऊंची बेस कलकत्त्याहून मागवलेली होती आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. लग्नाच्या अल्बममध्ये वहिनींच्या बरोबरीनं तिचाही फोटो आहे.

मी नोकरीत असतानाच एक दिवस ते आले आणि म्हणाले, "वानखेडेजी, दांडी हलून राहिली."

मी स्क्रू फिरवून पाहिले. चारही मेलेले. मी विचारलं, "हे इतक्या वेळा काढले कोणी?"

"मीच. प्रत्येक प्रोग्रामला."

"काहून?"

"होल्डॉलमध्ये मावत नाही ना जी अख्खी!"

म्हणजे हा रेल्वेचा माणूस कटनी, सतना, इटारसी, जिथं प्रोग्राम असेल तिथं बेसची दांडी वेगळी करायचा, गादी-चादरीत दोन्ही तुकडे गुंडाळायचा आणि होल्डॉल बर्थखाली सारून वर झोपायचा. उतरला की पुन्हा जोडायचा. रेल्वेवाल्याशिवाय हे कोणाला सुचणार नाही.

आता माझी अक्कल पाहा. लोखंडात चूडी मेली तर काम सरळ असतं. भोक एक नंबर मोठं करा, नवी चूडी पाडा, मोठा बोल्ट घाला. आम्ही त्याला ओव्हरसाइज म्हणायचो आणि ह्या एका शब्दावर मी तोवरची नोकरी काढली होती. मी शरदभाऊंना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "ओव्हरसाइज करून टाकतो. तुमची बेस मोडेल, पण हा जोड हलणार नाही." चार स्क्रू आणले, जाडीला एक नंबर जास्त आणि लांबीला पाव इंच जास्त. पाव इंच काहून? मजबुतीसाठी. तीन स्क्रू लोण्यात गेल्यासारखे गेले. चौथ्याला शेवटी जरा विरोध झाला. लोखंडातल्या माणसाला विरोध झाला की तो जोर लावतो. मी लावला. आतून कर्र असा बारीक आवाज आला.

बेस उलटी करून पाहिली. दांडीच्या वरच्या अंगाला, जिथं वाजवणाऱ्याची बोटं फिरतात तिथं, सतराव्या पट्टीजवळ, दोन जाड तारांच्या मधोमध लाकडाला पुळी आली होती. मोहरीएवढी. स्क्रूचं टोक आतून लाकूड वर ढकलून बसलं होतं. आणखी अर्धा फेरा दिला असता तर बाहेरच आलं असतं.

फॅक्टरीत असा माल निघाला की इन्स्पेक्टर त्यावर लाल रंगाचा पट्टा मारायचा आणि ज्याचा माल त्याला चारचौघांत विचारायचा, "किस कलाकार का काम है?" घरी इन्स्पेक्टर नव्हता. मी स्क्रू जरासा मागे घेतला, पण पुळी काही बसली नाही. मग मेणबत्ती घासली आणि वरून काळं बूट पॉलिश फिरवलं. दांडीचं लाकूड काळपटच होतं, बेमालूम झालं. शरदभाऊ आले, जोड हलवून पाहिला, खूश झाले. वरपासून खालपर्यंत एकदा बोट फिरवलं, सतराव्याजवळ किंचित थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. चलो, छान झालं." दुसऱ्या दिवशी खव्याची जिलबी घेऊन आले. ती जिलबी माझ्या घशाखाली कशी उतरली ते मलाच ठाऊक. चार उतरल्या.

सांगायला पाहिजे होतं. त्याच दिवशी, तिथंच. नाही सांगितलं, आणि मग रोज सांगणं आणखी अवघड होत गेलं. पंधरा-सोळा वर्षं गेली. गणपतीत ऑर्केस्ट्रा असला की मी पहिल्या रांगेत बसायचो आणि गाणं सोडून सतराव्या पट्टीकडे बघत राहायचो. मंदाला वाटायचं मला संगीताची गोडी लागली.

मधल्या काळात मी निवृत्त झालो आणि लाकूड शिकलो. शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या रामसनेही मिस्त्रींनी. त्यांना माझा ओव्हरसाइजचा सिद्धान्त सांगितला तर म्हातारा रंधा खाली ठेवून हसला. "बाबूजी, ये लोहा थोड़े है। लकड़ी में जोर नहीं लगाते, भराव करते हैं।" मग त्यांनी दाखवलं. लहान भोक असेल तर बांबूची काडी गोंदात बुडवून आत ठोकायची आणि वर उरलेली कापून टाकायची. मोठं असेल तर मेलेलं भोक साफ गोल करायचं, कडक लाकडाची गुल्ली तासून गोंद लावून आत बसवायची, एक दिवस-रात्र तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग तिच्या मधोमध स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडायचं, स्क्रूला साबण लावायचा आणि हातानं, हळू. जुन्या वाटेत स्क्रू परत घालताना आधी तो उलटा फिरवायचा. टक् झालं की समजायचं, वाट सापडली, आता पुढे. एवढं साधं काम. पस्तीस वर्षांची नोकरी करून मला हे ठाऊक नव्हतं.

आणि एक दिवस शरदभाऊ पुन्हा आले. रिक्षातून उतरताना वहिनींनी, म्हणजे कुमुदवहिनींनी, त्यांचा हात धरला होता. मी म्हटलं, वय झालं, आमचंही झालं. बेसच्या पट्ट्याची गुंडी सैल झाली होती, एवढंच काम. दोन काड्यांचं. पण मला तर देवच पावला. मी म्हटलं, "आठ दिवस ठेवून जा जी. सगळी सर्व्हिसिंग करून देतो."

"गणपतीत प्रोग्राम आहे बरं," शरदभाऊ म्हणाले. "आपल्या इथंच, गोरखपुरात."

"त्याच्या आधी देतो."

ते आठ दिवस मी जेवण विसरलो. दांडी काढली, माझे ते चार नालायक स्क्रू काढले, चारही भोकांत सागवानाच्या गुल्ल्या बसवल्या. पुळीवर ओलं फडकं ठेवून वरून गरम सळई टेकवली, वाफेनं लाकूड मऊ केलं, दाबलं, वाळल्यावर काचेच्या तुकड्यानं अलगद खरवडलं. बोट फिरवलं तर काचेसारखं सपाट. योग्य लांबीचे स्क्रू घातले. आयुष्यात इतकं सुंदर काम मी केलं नव्हतं. शरदभाऊंना बेस दिली आणि पुळीचं काहीच बोललो नाही. चूक गुपचूप केली होती, तशी गुपचूप मिटवली, हिशेब संपला, असं माझं म्हणणं. त्या दिवशी मी मंदाला स्वतःहून म्हटलं की आज गोड कर काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. कुमुदवहिनी एकट्याच उतरल्या, काखेत तो जुना होल्डॉल, त्याच्या तोंडातून बेसची दांडी बाहेर. होल्डॉल त्यांनी बाकावर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून उभा राहिलो.

"काय करून ठेवलं जी तुम्ही हे?"

"काय झालं वहिनी? जोड हलला?"

"जोड नाही हलला. तिथं काहीतरी होतं, बारीकसं. ते काहून काढलं?"

मी म्हटलं, "वहिनी, ती चूक होती."

"असेल. पण आमच्या कामाची होती." आणि त्या बाकावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मंदानं पाणी आणून दिलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं.

शरदभाऊंना काचबिंदू झाला होता. तीन वर्षांपासून. एका डोळ्यानं जवळजवळ नाही, दुसऱ्यानं नळीतून पाहिल्यासारखं, आणि स्टेजवरच्या दिव्यांत तर काहीच नाही. ऑर्केस्ट्रात त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. गुड्डू भैयानं नवा कीबोर्ड घेतला होता, त्यात बेसचा आवाजही निघायचा, आणि तो सारखा म्हणून राहिला होता, "दादा, अब आप आराम करो।" खालचे सूर शरदभाऊंच्या बोटांना पाठ होते, तिथं डोळे लागत नव्हते. पण कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात एक जागा होती. सगळे थांबतात आणि बेस एकटी तळातून थेट वर उडी मारते. त्या उडीत हात हवेतून जातो आणि कुठं उतरायचं ते बोटाला दिसावं लागतं. तीन वर्षं शरदभाऊ माझ्या पुळीवर उतरत होते.

"काल तालमीत उतरले तर तिथं काही नाही," वहिनी म्हणाल्या. "भलताच सूर लागला. दोनदा. पोरं हसली. गुड्डू भैया बोलला, प्रोग्राम में एक मौका और देता हूँ, नहीं तो कीबोर्ड बजाएगा। घरी आल्यापासून यांनी बेसला हात लावला नाही. जेवले पण नाही. भाऊजी, ते होतं तसं करून द्या."

मी म्हटलं, "आत्ता करतो. शरदभाऊंना घेऊन या."

वाटलं, त्यात काय, लाखेचा एक ठिपका ठेवू. ठेवला. शरदभाऊ आले, बाकावर बसले, डोळे मिटून बोट फिरवलं आणि मान हलवली. "ही ती नाही. ही वर बसून राहिली, दोन गाण्यांत उडून जाईल." मग पितळेची टाचणी बारीक कापून बसवली. "हिला धार आहे जी. सरकताना बोट अडकते." दुपार झाली. परवा कार्यक्रम, आणि मी, फॅक्टरीचा फिटर, मोहरीएवढी एक पुळी बनवू शकत नव्हतो.

शेवटी मला कळलं की तशी पुळी करायची तर तसंच करावं लागेल. ती चूक पुन्हा, त्याच जागी. माझी सुरेख गुल्ली, आठ दिवसांची, तिच्यात मागून पाव इंच जास्त लांब स्क्रू. आणि ह्या वेळी लाकूड खरवडून आणखी पातळ झालेलं. थोडं जास्त झालं तर टोक बाहेर येणार, दांडी चिरणार, आणि शरदभाऊंचं वाजवणं माझ्याच हातून संपणार. मी त्यांना हे सगळं सांगितलं. तेव्हा ओघात तेही सांगून टाकलं. म्हटलं, "शरदभाऊ, ती पुळी माझी चूक होती. इतकी वर्षं तुमच्यापासून लपवली. माफ करा जी."

शरदभाऊ हसले. "मला त्याच दिवशी कळलं होतं. बेसला बूट पॉलिशचा वास येऊन राहिला होता."

"मग बोलले काहून नाही?"

"तुम्ही किती घाबरले होते बापा! तोंड पाहवत नव्हतं तुमचं. मी म्हटलं, राहू द्या. मग सवय झाली. आन् मग डोळे गेले." मग म्हणाले, "चलो, फिरवा. मी सांगतो."

तारा उतरवल्या. बेस आमच्या दोघांच्या मध्ये उभी धरली. पलीकडून त्यांचं बोट त्या जागेवर, अलीकडून माझा स्क्रू फिरवायचा पेचकस. स्क्रू आधी उलटा फिरवला, टक् झालं, मग पुढे. शेवटचे फेरे पाव-पाव करत दिले. वहिनींनी दांडी घट्ट धरली होती, मंदा दारात उभी होती.

"आलं?"

"नाही अजून."

पाव फेरा.

"आता?"

"काहीतरी येऊन राहिलं. हळू."

पाव फेऱ्याचा अर्धा. आतून तोच तो कर्र. माझे डोळे आपोआप मिटले.

"बस," शरदभाऊ म्हणाले. बोट त्यांनी दोनदा पुढे-मागे केलं. मग चेहरा असा सैल झाला की मला पाहवेना. "बस बस. हीच ती. पास."

जन्मात पहिल्यांदा मी चूक मोजूनमापून केली होती.

कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत. एका बाजूला मंदा, दुसऱ्या बाजूला कुमुदवहिनी, मांडीवर हात घट्ट आवळून. शेवटचं गाणं सुरू झालं. कीबोर्डवाल्याला गुड्डू भैयानं खूण करून ठेवली होती, दादा चुकला तर तू घे, आणि ती जागा जवळ आली तसा कीबोर्डवाल्यानं हात उचलून पट्ट्यांवर धरला. सगळे थांबले. मंडपात लहान मुलं रडतात तेवढाच आवाज. शरदभाऊंनी डोळे मिटले, तळातला सूर वाजवला आणि हात सोडला.

सूर कसा लागला ते मला विचारू नका. मी सांगितलंच आहे, मला सूर कळत नाही. मला फक्त कीबोर्डवाल्याचा हात दिसला. तो तसाच खाली आला आणि त्याच्या मांडीवर जाऊन बसला.

टाळ्या गाणाऱ्याला पडल्या. कुमुदवहिनींनी पदरानं तोंड पुसलं. मंदा माझ्या कानाशी वाकली. "अजी, रडून काहून राहिले?"

"रडतो कुठं," मी म्हटलं. "माल पास झाला."